पाचाच्या पुढे

दुपारचं जेवण करून मच्छिंद्र खाटेवर आडवा झाला होता. अर्धवट झोपेत त्याचा हात डोक्यामागच्या भिंतीकडं गेला आणि त्यानं पंख्याचा रेग्युलेटर पुढं फिरवला. रेग्युलेटर पाचावर होता. पाचाच्या पुढं काही नसतं हे शेंबड्या पोरालाही कळतं; पण हा रेग्युलेटर जुना, त्याचा अडसर केव्हाच झिजून गेलेला. तो पाचाच्या पुढं निमूट सरकला आणि शून्यावर येऊन बसला. पंख्यानं दोन-चार सुस्त गिरक्या घेतल्या आणि तो थांबला. मे महिन्यातल्या जालन्यात, डोक्यावर थेट गच्ची असलेल्या खोलीत पंखा थांबला की कानात एकदम पोकळी होते. त्या पोकळीत मच्छिंद्र उठून बसला आणि स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. पंख्याचं त्याला काही नव्हतं. हात आपल्याला न विचारता गेला, हे त्याला लागलं होतं. याच हातानं त्यानं एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या भट्टीतून उभं आयुष्य लालभडक लोखंड ओढलं होतं. आणि आज त्या हाताला गरम होत होतं.

“लाइट गेली का?” स्वयंपाकघरातून सगुणाबाईनं विचारलं.

“न्हाई. म्याच बंद केला पंखा.”

“कामून?”

आता काय सांगायचं? खरं सांगायची सोय नव्हती. मच्छिंद्रच्या तोंडून जे पहिलं निघालं ते निघालं. “थंडी वाजून राह्यली जराशी.”

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सगुणाबाई बाहेर आली, तिनं कपाट उघडलं, घडी केलेली जाड चादर काढली आणि नवऱ्याच्या अंगावर गळ्यापर्यंत नीट ओढून दिली. कडासुद्धा खोचल्या. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, काहीच नव्हतं, आणि मच्छिंद्रला त्याच गोष्टीची जास्त धास्ती वाटली. “पडा आता निवांत,” म्हणून ती आत गेली. मच्छिंद्र चादरीखाली पडला. कपाळावरून निघालेला घाम कानात शिरत होता. चादर काढावी तर थंडी कुठं गेली हे सांगावं लागणार. तो तसाच पडून राहिला आणि छताकडं बघू लागला. छत तापलेलं होतं, आणि तेही त्याच्याकडं बघत असल्यासारखं त्याला वाटायला लागलं.

मुळात या घरात पंखा दोनावर चालायचा. दोन हा आकडा मच्छिंद्रनं ठरवलेला, आणि दसरा झाला की एक. लेक आकांक्षा लहान असताना अभ्यास करता करता हळूच तीन करायची, आणि तो आल्या आल्या मान वर करून पंख्याच्या पात्यांकडं बघूनच ओळखायचा. दोनाचे तीन कधी झाले, तीनाचे चार कुणी केले, पाचावर कुणी नेऊन ठेवलं, हे त्याला आठवेना. सोयऱ्याधायऱ्यांच्या नावाखाली ते आकडे एकेक करून घरात शिरले आणि परत गेलेच नाहीत. मिलमध्ये त्याचं केवढं नाव होतं. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून तो वाफाळता चहा प्यायचा, तोही बशीत न ओतता. नवीन आलेल्या पोरांना मुद्दाम ते दाखवायला आणत. पाळी सुटली की तोंडावर पाणी मारून घरी यायचा, उंबऱ्यातून आत पाय टाकायचा आणि शर्टाची बटणं काढत म्हणायचा, “आपलं घर म्हंजी काश्मीर.” काश्मीर त्यानं सिमेंटच्या दुकानाच्या कॅलेंडरवर पाहिलेलं. तिथं एक तळं होतं, तळ्यात एक होडी होती आणि होडीत कुणीच नव्हतं. पण घरात पाऊल टाकलं की त्याला खरोखरच त्या होडीत बसल्यासारखं वाटायचं. तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

सगुणाबाईनं कूलरचं नाव एकदाच काढलं होतं. आकांक्षा झाली ते वर्ष. पोर चैतात झालेली, अंगभर घामोळ्या, दिवस-दिवस किरकिर करायची. संध्याकाळी तो आला, नेहमीप्रमाणे काश्मीर म्हणाला, आणि बाळंतीण बाई खाटेवरून म्हणाली, “लेकरासाठी एक कूलर घ्यावा म्हन्ते.” तो हसला होता. म्हणाला होता, “भट्टीवरल्या मान्साच्या घरात कूलर? लोक तोंडात शेण घालतील. आन गरम हाये कुठं?” तिनं लेकराकडं पाहिलं आणि कूस बदलली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. बाई पुन्हा बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असा मच्छिंद्रचा हिशोब, आणि त्या हिशोबावर त्याचा संसार अगदी बराबर चालला होता.

मिलमधल्या एकेकाच्या घरी मात्र कूलर आले. प्रत्येकजण चहाच्या टपरीवर येऊन सांगायचा, “मला काय नको होता, पर मंडळीनं हट्ट धरला.” सगळ्या जिल्ह्यात कूलर हा बायकांच्या हट्टानंच आला असावा असं ऐकणाऱ्याला वाटलं असतं. मच्छिंद्र सगळ्यांना हसायचा. सगळ्यात जास्त वसंताला. वसंता भट्टीवर लागला आणि त्याच आठवड्यात चक्कर येऊन पडला. शुद्धीवर आला तो थेट राजीनामा देऊन घरी गेला. पुढं त्यानं त्याच टपरीच्या शेजारी, रस्त्यावर पत्र्याचे कूलर बनवायचं दुकान टाकलं. मच्छिंद्र येता-जाता गाडी उभी करून विचारायचा, “काय वसंता, आज किती हवा विकली?” वसंता पत्र्याला भोकं पाडता पाडता मान न वळवता म्हणायचा, “दादा, तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठिवलाय. कवाबी या.” यावर टपरीवरचे सगळे हसायचे, आणि मच्छिंद्र घरी येऊन सगुणाबाईलाही ते सांगायचा. आता त्या हसण्याची आठवण येऊन मच्छिंद्रला चादरीखाली आणखी उकडलं.

आणि हे सगळं एका अंशावरून. गेल्या रविवारी आकांक्षाचा फोन आला होता. ती संभाजीनगरला कॉलेजात भूगोल शिकवते. बोलता बोलता तिनं सांगितलं होतं की शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या देशाचं वर्षाचं सरासरी तापमान एका अंशाच्या आसपास वाढलंय. मच्छिंद्र पोट धरून हसला होता. “एक अंश? अगं, आमची भट्टी शंभर अंश इकडंतिकडं झाली तर मिस्त्री तंबाकू मळायचा थांबत न्हाई.” ती म्हणाली होती, “अण्णा, सरासरी आहे ती. सगळा देश, सगळं वर्ष, रात्री धरून, थंडी-पाऊस धरून, हिमालय धरून. एवढ्या सगळ्यात एक अंश म्हणजे फार होतं.” त्यावर तो आणखीच हसला होता. आता हसू येत नव्हतं. तो एक अंश कुठं असेल, याचा शोध त्याचं डोकं घेऊ लागलं. सगळ्या देशाला सारखा वाटला तर एकेका घराच्या वाट्याला चिमूटभरसुद्धा यायला नको. पण वाटप बराबर होत असेल हे कुणी सांगितलं? रेशनच्या साखरेची जी गत, तीच याची असणार. हिमालयाच्या वाट्याचं मधल्या मधे कुणीतरी उतरवून घेतलं, आणि ते सगळं जालन्यात, या कॉलनीत, या खोलीत आणून टाकलं. खाटेच्या लोखंडी पाइपात ते होतं. गच्चीवरच्या टाकीतून सकाळी येणाऱ्या ऊन पाण्यात ते होतं. उशीच्या दोन्ही बाजूंना होतं. उशी उलटली तरी खालची बाजू आधीच तापलेली असायची. एवढ्या मोठ्या देशातला एवढासा अंश आपल्याच उशीत येऊन बसला, याचा त्याला मनापासून राग आला.

खरी गोष्ट त्याला कळत नव्हती असं नाही. ती हळूहळू, नको असलेल्या पाहुण्यासारखी, त्याच्या मनात येऊन बसत होती. निवृत्त होऊन दोन उन्हाळे झाले होते. भट्टीतून बाहेर पडणाऱ्याला रस्तासुद्धा गार लागतो. मग घर काश्मीर वाटणारच. आता भट्टीच नव्हती. आता तो दिवसभर घरात होता आणि घर कशाच्या तुलनेत गार म्हणायचं हे त्याला सुचत नव्हतं. म्हणजे या घराचं ऊन त्यानं कधी सोसलंच नव्हतं. दुसरंच कुणीतरी सोसत होतं. इथपर्यंत विचार आला की तो घाईनं कूस बदलायचा.

कूलर आणायचा, हे त्या दिवशी चादरीखालीच ठरलं. फक्त तो सगुणाबाईच्या हट्टानं यायला हवा होता. साऱ्या मिलला जी सवलत मिळाली ती त्याला का मिळू नये? दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला.

“आकांक्षाची माय, तुला लै गरम होऊन राह्यलं असंल न्हाई?” चहा घेता घेता त्यानं विचारलं.

“मला? न्हाई बा,” सगुणाबाई म्हणाली. “काश्मीर हाये.”

त्यानं दुपारी पुन्हा धरलं. शेजारच्या शालूच्या घरी नवा कूलर आलाय, काय हवा देतो म्हणे, शालू तर झोपेतून उठतच नाही. सगुणाबाई म्हणाली, “तिला कामं कमी असतील.” त्यानं कूलरच्या जाहिरातीचा रंगीत कागद आणून मुद्दाम तिच्यासमोर ठेवला, तिनं तो पिठाच्या डब्याखाली अंथरला. तुला काही पायजे असंल तर सांग, खर्चाचं बघू नको, असं तो एकदा चक्क म्हणाला. तिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, “सोऱ्याची जाळी बदलून आना. बारीक पडून राह्यली कुरडई.” मच्छिंद्र निमूट जाऊन जाळी बदलून घेऊन आला. येताना वसंताच्या दुकानावरून यावं लागलं, तेव्हा त्यानं गाडी न थांबवता जोरात पुढं काढली. बाईला सगळं कळलंय आणि ती मुद्दाम करतेय, अशी शंका त्याला येत होती. पण तिच्या चेहऱ्यावर कुठं काही सापडत नव्हतं. एवढ्या वर्षांत तिचा चेहरा नीट वाचायची वेळच आली नव्हती, आणि आता अक्षरओळख नव्हती.

कुरडयांचंही एक होतं. लग्न झालं तेव्हा सगुणाबाई कुरडया पाडव्यानंतर घालायची, दोन-दोन उन्हं द्यायची. मग होळी झाली की घालू लागली. अलीकडं महाशिवरात्रीलाच गहू भिजत पडायचे. मच्छिंद्र म्हणायचा, “तुला सगळ्याची घाई.” ती म्हणायची, “उन्हाला घाई झाली, म्या काय करू? उशीर केला की तडकतात.” यंदा घरातल्या एका लग्नामुळं थोडे गहू राहून गेले होते. आकांक्षा सुट्टीत यायची होती, तिच्यासाठी म्हणून सगुणाबाईनं मे महिन्यात, तांबडं फुटायच्या आत उठून चीक शिजवला आणि गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या. मच्छिंद्रनं चिकाचं पातेलं स्वतः उचलून वर नेऊन दिलं होतं. ही गोष्ट नंतर फार महत्त्वाची ठरली, कारण मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची वाट त्यामुळं बंद झाली.

त्या दिवशी दुपारी सगुणाबाई शालूकडं पापड लाटायला गेली, आणि घर एकट्या मच्छिंद्रच्या हाती आलं. पंखा पाचावर होता. छत काल होतं तसंच होतं. त्यानं आकांक्षाला फोन लावला. आडून आडून विचारण्यात पंधरवडा गेला होता, म्हणून आज त्यानं सरळ विचारलं. “तुझ्या मायला समजाव जरा. तिला लै तरास होऊन राह्यला गरमीचा, आन ती कूलर घेऊ दीना.”

 आकांक्षा म्हणाली, “अण्णा, आई आता गच्चीवर पाणी नाही का मारत?”

“कसलं पाणी?”

“म्हणजे तुम्हाला ठाऊकच नाही? रोज मारायची ती. धुण्याचं पाणी दिवसभर साठवून ठेवायची, ऊन उतरलं की बादल्या घेऊन जिना चढायची. मग खाली फरशी पुसायची, दारात ओलं लुगडं लावायची. तुमची पाळी सुटायच्या आत सगळं उरकायची. मी लहान असताना मलाही एक तांब्या द्यायची. तुम्ही येऊन काश्मीर म्हणायचात ना, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो.”

मच्छिंद्र हं म्हणाला. आणखी काय म्हणाला ते त्याला आठवत नाही. फोन ठेवल्यावर त्याच्या डोळ्यासमोर एक गोष्ट आली. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात तो घरातली शिस्त तपासत होता. मसाल्याचे डबे कसे लावायचे, दाराची कडी कुठून घालायची, असं बरंच काही त्यानं सुधारलं. त्याच आठवड्यात जिन्यात सगुणाबाई बादली घेऊन चढताना दिसली होती. त्यानं विचारलं होतं, कुठं चाललीस. ती म्हणाली होती, गच्चीवर टाकते. आणि त्यानं मिलमधल्या आवाजात सांगितलं होतं, “बिलकुल न्हाई. स्लॅबला ओल धरती.” तिनं बादली तिथंच पायरीवर ठेवली होती. काश्मीर त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं, आणि वर दोन उन्हाळे ते शोधत बसला होता. त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला सवयीची नव्हती, त्यामुळं ती आली तेव्हा ती काय आहे हेच त्याला आधी कळलं नाही. छातीत उकडल्यासारखं झालं, आणि त्यानं पुन्हा रेग्युलेटरकडं पाहिलं.

मग तो उठला. माणसाला चूक कळली की ती त्याच घटकेला दुरुस्त करायची घाई होते, आणि ती घटका भर दुपारची होती. सगुणाबाई ऊन उतरल्यावर पाणी मारायची, हे आकांक्षानं सांगितलं होतं. मच्छिंद्रनं पाणी तेवढं ऐकलं, ऊन सोडून दिलं. धुण्याचं पाणी नव्हतं, पण नळ आठवड्यानंतर काल सुटला होता आणि हौद काठोकाठ भरला होता. त्यानं हौदातली मोटर लावली, लांब पाइप जिन्यातून वर नेला आणि गच्चीचं दार उघडलं. चपला खाली राहिल्या होत्या. त्यानं पाऊल बाहेर टाकलं आणि तितक्याच वेगानं आत घेतलं. भट्टीवरच्या माणसाचा पाय भाजला होता. आता चपला आणायला खाली जायचं म्हणजे पाणी वाया जाणार. म्हणून तो दारातच एका पायावर उभा राहिला, उन्हानं दिपलेले डोळे घट्ट मिटले आणि पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून गच्चीभर फवारा सोडला. आधी पाइपात तापलेलं पाणी आलं, मग गार. स्लॅब चर्रकन वाजला. लोखंडावर पाणी पडल्याचा तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. डावीकडं मारलं, उजवीकडं मारलं, लांबच्या कोपऱ्यात जरा जास्तच मारलं. हौद तळाला जाऊन मोटर आवाज करायला लागली तेव्हा तो खाली आला, मोटर बंद केली, फरशी पुसली, सगुणाबाईचं एक लुगडं भिजवून दारात टांगलं आणि पंखा दोनावर ठेवून तिची वाट बघत खाटेवर बसला.

काश्मीर येईना. आली ती वाफ. ती जिन्यातून उतरली, ओल्या लुगड्यानं तिला बाहेर जाऊ दिलं नाही, आणि खोलीची थोड्याच वेळात इडलीपात्रासारखी गत झाली. मच्छिंद्रचा बनियन अंगाला चिकटला. त्यानं पंखा तीन केला, चार केला, पाच केला. पाचावर येऊन त्याचा हात थांबला.

सगुणाबाई आली ती लुगडं बाजूला सारून. तिनं लुगड्याकडं पाहिलं, फरशीकडं पाहिलं, घामानं निथळणाऱ्या नवऱ्याकडं पाहिलं. मग जिन्यातल्या पाइपाकडं तिचं लक्ष गेलं आणि ती वर गेली.  तेवढ्यात मच्छिंद्रला चिकाचं पातेलं आठवलं. त्यानं ते कुठं ठेवलं होतं तेही आठवलं. लांबच्या कोपऱ्यात.

“अहो,” वरून हाक आली. “जरा इकडं या.”

या वेळी तो चपला घालून गेला. कुरडया लुगड्यावर राहिल्याच नव्हत्या. काही मोरीच्या तोंडाशी गोळा झाल्या होत्या, उरलेल्या एकमेकींना चिकटून त्यांचा एक मोठा पांढरा पसारा झाला होता. सगुणाबाई त्याच्या कडेला उकिडवी बसली होती.

“ह्यो कोनी उद्योग केला?”

“म्या.”

“हौदाच्या पान्यानं?”

“हां.”

“कामून?”

तोच शब्द. चादर मिळाली त्या दिवशीचा. थंडी वाजत होती असं सांगून गच्चीवर पाणी मारता येत नाही. स्लॅब धुवायचा होता, कबुतरं घाण करतात, पाइप तपासत होतो. त्याच्या मनात एकेक कारण येत होतं आणि तिच्या चेहऱ्याकडं पाहून परत जात होतं. शेवटी एकच कारण उरलं. ते खरं होतं, म्हणून तो ते सगळ्यात शेवटी ठेवून बसला होता.

“गरम होऊन राह्यलं होतं,” तो म्हणाला.

सगुणाबाईनं मान वर केली. “काय म्हन्लात?”

“गरम व्हतंय मला. घरात. लै गरम व्हतंय.”

“कवापासून?”

मच्छिंद्रनं गच्चीकडं पाहिलं. पाणी केव्हाच सुकून गेलं होतं. जणू कुणी मारलंच नव्हतं. दोन उन्हाळ्यांपासून, असं तो म्हणणार होता. सव्वाशे वर्षांपासून, असंही म्हणता आलं असतं, त्याला आकांक्षाचा आधार होता. पण पुढ्यात ही बाई बसली होती, आणि तिला एका उन्हाळ्यात खाटेवर कूस बदलताना त्यानं पाहिलं होतं.

“आकांक्षा झाली त्या सालापासून,” तो म्हणाला. “तू म्हन्लीस तवापासून.”

तिनं पदर तोंडाला लावला; तो हसण्यासाठी की आणखी कशासाठी, हे त्याला कळलं नाही, पण विचारायचं धाडसही झालं नाही. तो तिच्या शेजारी बसला आणि चिकटलेल्या कुरडया एकेक करून सोडवू लागला. त्याच्या जाड बोटांत त्या तुटत होत्या. थोडा वेळ तिनं बघितलं आणि त्याच्या हातातून काढून घेतल्या.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “या उन्हात सांजंपर्यंत वाळतील परत. तुमी एक काम करा. वसंताच्या दुकानावर जा जल्दी, न्हाईतर तो बंद करतो.”

“आत्ता?”

“आत्ताच. बाजूला काढून ठिवलेला आना.”

मच्छिंद्र उठला. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला तोवर त्याचं मन पुढं धावून टपरीवर पोचलंही होतं; सगळे बसले होते, वसंता पत्र्याला भोकं पाडत होता, आणि मच्छिंद्रच्या स्वतःच्या तोंडात ते मंडळीच्या हट्टाचं वाक्य तयार होतं. अखेर मिळालंच होतं ते.

“आन ऐका,” वरून सगुणाबाईनं सांगितलं. ती कुरडया पसरत होती, तिनं मान वळवली नव्हती. “कोनाला पायजे म्हनून इचारलं, तर माझं नाव सांगू नका.”